काचेवरचं सुलट

१

जुना कॅमेरा विकणारा माणूस खोटं बोलत नाही, अर्धं बोलतो. उरलेलं अर्धं शोधून काढणं हा माझा धंदा. भात्याला कुठे भोक आहे, लेन्सला बुरशी धरली आहे का, कुठला स्क्रू कुठल्या भलत्याच यंत्रातून उपटून इथे कोंबला आहे, हे सगळं मी तोंडावर सांगते. समोरच्याचा चेहरा उतरला तर उतरला. गोड बोलून पोट भरायचं असतं तर मी विमा विकला असता.

बारक्या तो कॅमेरा घेऊन आला तेव्हा दुपार होती आणि खालच्या लाँड्रीतली यंत्रं धडधडत होती. बारक्या म्हणजे माझा धाकटा भाऊ. पन्नाशीला टेकलाय, जिना चढताना धापा टाकतो, दारातून जरा तिरका होऊन आत येतो, तरी बारक्याच.

“ताई, दार धर. हात मोकळा नाहीये.”

“मोकळा असता तरी तू लाथेनेच उघडलं असतंस. काय उचलून आणलंस हे, कपाट?”

“आधी बघ तरी. मग शिव्या घाल.”

मी पेटी उघडली. मोठा, लाकडी, जुन्या स्टुडिओतला कॅमेरा. पुढच्या चौकटीत लेन्स, मागच्या चौकटीत दुधी काच, मधे काळा चुण्यांचा भाता. फोटो काढणारा मागे उभा राहतो, डोक्यावर काळं कापड घेतो आणि त्या काचेवर समोरचा माणूस बघतो. दिसतो मात्र उलटा, पाय वर आणि डोकं खाली. नवशिक्याला गरगरतं. माझ्यासारखीला इतक्या वर्षांनी काही वाटत नाही. डोळा आपोआप उलट्याचं सुलट करून घेतो, आणि काचेवर सगळं उलटं आहे हे मुद्दाम आठवावं लागतं.

बारक्याचा स्टुडिओ बंद पडला त्याला बराच काळ झाला होता. मधे तर तो दिवसदिवस भिंतीकडे तोंड करून पडून असायचा. मी डबा घेऊन जायचे, ताट त्याच्यापुढे आदळायचे आणि तो जेवेपर्यंत उशाशी बसून त्याला बोल लावायचे. आता त्याला पुन्हा माणसांचे फोटो काढायचे होते, या थोरल्या कॅमेऱ्यावर, एकेक करून, सावकाश. किती दिवसांनी त्याच्या तोंडावर रंग आला होता. आई-वडील गेल्यावर मला ताई म्हणणारं या जगात हे एकच माणूस उरलं आहे. त्याला काही झालं तर माझं काय होईल, याचा मी विचार करत नाही. त्याऐवजी त्याच्यावर ओरडते.

“ठेव इथे,” मी म्हटलं. “तपासते, सरळ करते, मग ने. तोवर हात लावलास तर बोटं मोडीन.”

२

पहिली तपासणी भात्याची. आतली खोली अंधारी करायची, भात्यात दिवा सोडायचा आणि बाहेरून चुणी न् चुणी बघायची. भोक असेल तिथे चांदणी चमकते. इथे एकही चमकली नाही. एवढ्या जुन्या यंत्राचा भाता इतका धड असणं मला खटकलं. पण चांगल्या गोष्टीलाही नावं ठेवायची मला सवय आहे, म्हणून मी ते मनावर घेतलं नाही.

मग कॅमेरा लांबट खोलीत ट्रायपॉडवर चढवला. उत्तरेची खिडकी, पांढरी भिंत, छताला एक ट्यूब, भिंतीपुढे स्टूल. या खोलीत मी दुसरं काही ठेवत नाही. तपासणीच्या जागी पसारा असला की डोळा फसतो. पाणसळ ठेवून बुडबुडा मधोमध आणला आणि बारक्याला स्टुलावर बसवलं.

“पोट आत घे.”

“तू कॅमेरा तपासतेयस की मला?”

“दोन्ही जुने आहेत. हलू नकोस.”

कापड डोक्यावर घेतलं. आत नेहमीचाच वास, लाकडाचा आणि जुन्या कापडाचा, आणि आपल्याच श्वासाची ऊब. काचेवर बारक्या आला. चेहरा बऱ्यापैकी स्पष्ट होता, एक खांदा मात्र धुरकट. त्या धुरकट बाजूला त्याच्या शेजारी काहीतरी लांबट, काळपट दिसत होतं.

“ए, शेजारी काय टांगलंयस?”

“कुठे?”

“तुझ्या शेजारी रे. उलट्या टांगलेल्या कोटासारखं. कितीदा सांगितलं, या खोलीत कपडे आणायचे नाहीत.”

“ताई, नुसती भिंत आहे.”

मी कापडातून डोकं काढलं. नुसती भिंत होती, खिळासुद्धा नव्हता. पुन्हा आत गेले. कोट होता.

“तुझा चष्म्याचा नंबर वाढलाय,” बारक्या म्हणाला.

“त्याऐवजी तुझी अक्कल वाढली असती तर बरं झालं असतं.”

काचेवर डाग असणार, असं ठरवून मी त्याला घरी पाठवलं.

३

डाग नव्हता. काच काढून धुतली, पुसली, उजेडाला धरली. नवी म्हणावी इतकी स्वच्छ. पण काढताना जे हाती लागलं त्याने माझं डोकं फिरलं.

काच चौकटीत सरळच बसायला हवी. आज जिथे काच आहे तिथेच उद्या फिल्म येणार, त्यामुळे केसाइतका फरक पडला तरी फोटो बिघडतो. मी चौकटीच्या चारही कोपऱ्यांत व्हर्नियर, म्हणजे बारीक मापाची पट्टी, लावून काच किती आत बसते ते मोजलं. चारही वेगळे निघाले. एका कोपऱ्यात काचेखाली कागदाच्या पट्ट्या, एकीवर एक डिंकाने चिकटवलेल्या. मागच्या चौकटीचा पितळी आधार एका बाजूने घासून उतरता केलेला. पुढच्या चौकटीची खीळ मूळ भोकातून काढून शेजारी नवं भोक पाडून त्यात बसवलेली. म्हणजे पुढचं तोंड एकीकडे, मागचं दुसरीकडे, आणि पाणसळीवर यंत्र अगदी साळसूद. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात. इथे अंगण खरंच वाकडं होतं, आणि ते कुणा नाचता न येणाऱ्यानेच केलं असणार, अशी माझी खात्री पटली.

मी मोठ्याने शिव्या देत काम केलं. त्याशिवाय माझा हात चालत नाही. पट्ट्या ओल्या कापडाने सोडवून कचऱ्याच्या डब्यात टाकल्या. आधाराची उंच बाजू कानशीने घासून दुसरीच्या पातळीला आणली. खीळ मूळ भोकात बसवली आणि ते नवं भोक भुसा आणि सरस भरून बुजवून टाकलं. शेवटी आरशांची परीक्षा घेतली. मागच्या चौकटीत एक आरसा लावायचा, पुढच्या चौकटीत मधे भोक असलेला दुसरा, आणि भोकाला डोळा लावायचा. आरशात आरसा, भोकात भोक, अशी रांग दिसते. चौकटी वाकड्या असतील तर रांग एका अंगाला वळते. माझी रांग नाकासमोर सरळ गेली, पार आत, दिसेनाशी होईपर्यंत.

इतकं सरळ काम मी आयुष्यात फार थोड्या वेळा केलं आहे. त्या संध्याकाळी मला स्वतःचा अभिमान वाटला आणि मी दोनदा चहा केला.

४

दुसऱ्या दिवशी बारक्या पुन्हा स्टुलावर बसला. काचेवर तो इतका लख्ख आला की मला हसू फुटलं. दाढीचे पांढरे खुंट मोजून घ्यावेत. शेजारचा कोटही तितकाच लख्ख आला होता. कोटाला हात होते.

मी हलले नाही. यंत्र तपासताना घाबरायचं नसतं, बघायचं असतं. म्हणून बघितलं. हात अंगालगत सोडलेले, बोटं खाली. इथेच मला काहीतरी टोचलं, आणि काय ते कळायला वेळ लागला. खोलीत कुणाला उलटं टांगलं तर त्याचे हात जमिनीकडे लोंबतील. काचेवर जमीन वर असते, म्हणजे हात वर लोंबायला हवेत. हे खाली होते. म्हणजे ते टांगलेलं नव्हतं, उभं होतं. काचेवर बारक्या उलटा, स्टूल उलटं, खिडकी उलटी, आणि हे एकटं सुलट. सगळ्याला उलटवून घेण्याच्या सवयीने माझ्या डोळ्याने त्यालाही उलटवलं होतं, म्हणून मी त्याला टांगलेलं समजत होते. ही चूक नवशिक्याने केली नसती.

कापडाबाहेर येऊन छताकडे बघितलं. ट्यूब होती. कोपऱ्यात जाळं होतं.

“काय झालं गं?” बारक्याने विचारलं.

“जाळं झालंय.”

पुन्हा आत गेले. विचार कर, मी स्वतःला म्हटलं, तू काय आज पहिल्यांदा काच बघतेयस? लेन्समधून जे येतं ते उलटंच येतं. सुलट दिसतं ते फक्त प्रतिबिंब. काचेची आपल्याकडची बाजू गुळगुळीत असते, तिच्यात आपल्या बाजूचं काहीबाही आरशासारखं दिसतं. म्हणजे ही मीच की! जीव भांड्यात पडला. खात्री करायला हात वर केला. त्याने केला नाही. मान हलवली. जीभ बाहेर काढून दाखवली, एवढी मोठी बाई मी. ते तसंच उभं राहिलं, माझ्याहून पुष्कळ उंच, खांदे पडलेले. चेहऱ्याच्या जागी काच धुरकट होती.

मग ही मी नव्हे, आणि मी नव्हे म्हणजे प्रतिबिंबही नव्हे, असं मी ठरवून टाकलं. तपासणी करणाऱ्या बाईने इतक्या घाईने काही ठरवू नये.

“ताई, पाय आखडले. उठू का?”

बारक्या उठून दाराकडे गेला. तशी त्या उभ्या असलेल्याची मान त्याच्या मागोमाग फिरली.

५

“अजून काही दिवस लागतील,” मी त्याला फोनवर सांगितलं.

“काल तर लख्ख झालाय म्हणालीस.”

“काल म्हणाले. आज नाही म्हणते. उगीच माझ्या वाकड्यात शिरू नकोस.”

“अगं, पहिलं गिऱ्हाईक ठरलंय. म्हातारा-म्हातारी आहेत, जन्मात दोघांचा एकत्र फोटो काढला नाही त्यांनी. मी शब्द दिलाय.”

“शब्द देताना मला विचारलं होतंस?”

“तुला विचारून काय करू? तू कायम उलटसुलट बोलतेस.”

त्याने फोन ठेवला. हल्ली फोन आपटता येत नाहीत, नाहीतर आपटला असता. मला वाईट वाटलं. पण तो यंत्रासमोर पुन्हा बसायला नको, एवढं मला पक्कं ठाऊक होतं. कशासाठी नको, ते मला सांगता आलं नसतं.

स्टूल रिकामं ठेवून मी काच बघायला गेले. सकाळची वेळ होती. खाली लाँड्रीत धुण्याची यंत्रं गरगरत होती, रस्त्यावर कुणीतरी गाडी मागे घेत होतं आणि दुसरं कुणीतरी ‘येऊ दे, येऊ दे’ म्हणत होतं. भरदिवसा, चार माणसांच्या आवाजात माणूस घाबरत नाही, असा माझा समज होता. ते काचेवर होतं. कडेला सरकलेलं, पाठमोरं, समोर कुणी नाही म्हणून कंटाळल्यासारखं. आदल्या दिवसापेक्षा मोठं दिसत होतं.

मी भिंग काचेला टेकवलं. भिंगाने बघताना आम्ही श्वास रोखतो, नाहीतर तोंडच्या वाफेने काच धुरकटते. ही सवय हाडात भिनलेली आहे. श्वास रोखला, आणि काच धुरकटली. माझ्या तोंडासमोर नाही. वर, उजवीकडे, माझ्या डोक्याच्याही वर. वाफेचा गोल उमटला आणि विरला. पुन्हा उमटला, पुन्हा विरला. मी अजून श्वास सोडलेला नव्हता.

कापड फेकून मी खिडकीशी जाऊन उभी राहिले. खाली लाँड्री आहे, इस्त्रीची वाफ फटीतून वर येते, जुन्या इमारतीत असं होतंच, असं मी स्वतःला पटवत होते. पटेना म्हणून खिडकीतून लाँड्रीवाल्याला हाक मारली.

“तुमची वाफ माझ्या खोलीत येतेय!”

त्याने मान वर केली. “बाई, इस्त्री बंद आहे. वायर जळालीय. कालपासून बोंबलतोय मी, कुणी दुरुस्तीला येईना.”

६

त्या दिवशी मला कचऱ्याचा डबा आठवला. पट्ट्या अजून त्यात होत्या, वाळून वळलेल्या. टेबलावर पसरून दिव्याखाली धरल्या आणि मला घाम फुटला.

अडाण्याचं काम म्हणून मी त्या फेकल्या होत्या. पण अडाणी माणूस कागद फाडतो, दुमडतो, कोंबतो. या पट्ट्या धारदार पात्याने कापल्या होत्या. प्रत्येकीची कड तासून तिरकी केलेली, एकीवर एक बसल्यावर बोटाला पायरी लागू नये म्हणून. पितळाचा उतारही तसाच असणार, खिळीचं भोकही. मी बघितलंच नव्हतं, शिव्या देण्यात गुंतले होते. हा माझ्या तोडीचा हात होता, कदाचित वरचढ. असा हात चुकून वाकडं काम करत नाही. त्याने मोजूनमापून वाकडं केलं होतं आणि मी मोजूनमापून ते सरळ करून ठेवलं होतं. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, ते उगीच नाही.

ठीक आहे, म्हटलं, परत वाकडं करू. वाकडं करायला काय लागतं? पट्ट्या चिकटवायला घेतल्या, तर त्या पाण्याने फुगल्या होत्या, एकीवर एक बसेनात. घासलेलं पितळ परत येत नाही. बुजवलेलं भोक उघडायला गिरमिट लावलं, ते घसरून माझ्या बोटात गेलं. शेवटी नुसते स्क्रू सैल केले, चौकट हाताने तिरकी ढकलली आणि आवळली. व्हर्नियर लावला. चारही कोपरे सारखे. पुन्हा सैल केली, या वेळी डोळे मिटून, कशीही ढकलली. सारखे. माझा हातच तसा झाला आहे. आवळताना बोटं शेवटचा दाब तिथेच देतात जिथे चौकट सरळ येते, मला न विचारता. याच हाताचा मी जन्मभर माज केला होता.

मी रडले, रागाने. मग नाक पुसून पुन्हा एकदा चौकट ढकलली, आणि आता तरी ते पुसट झालं का ते बघायला कापड डोक्यावर घेतलं.

७

ते पुसट झालं नव्हतं. जवळजवळ अर्धी काच त्याने व्यापली होती. अजून पाठमोरंच होतं.

तेवढ्यात जिन्यावर धापा ऐकू आल्या. बारक्याकडे माझ्या घराची किल्ली आहे.

“ताई, चिडू नकोस. समजूत काढायला आलोय.” तो खोलीत आला होता. “हे बघ, तू म्हणशील तितका वेळ बसतो. पोटसुद्धा आत घेतो.”

“बारक्या, बाहेर हो.”

“कापडातूनच भांडणार होय? बरं.”

काचेवर तो उलटा आला, स्टुलावर बसला, हात गुडघ्यांवर ठेवले आणि शहाण्या मुलासारखा लेन्सकडे बघून हसला. तसं ते वळलं. आता चेहऱ्याच्या जागी धुरकट नव्हतं. मी तिकडे बघितलं आणि लगेच नजर खाली घेतली. मला एवढंच सांगता येईल की ते बारक्याकडे बघत होतं, आणि कित्येक दिवसांच्या उपाशी माणसाने दुसऱ्याच्या ताटाकडे बघावं तसं बघत होतं.

माझ्या उजव्या खांद्याजवळ कापड ताणलं गेलं. मी ताणलं नव्हतं.

बारक्याचं हसू थांबलं. “ताई, कापडात तुझ्याबरोबर कोण आहे?”

“कोण असणार?”

“दोन डोकी दिसतायत. एक तुझं. दुसरं त्याच्या वर आहे.”

तेव्हा मला कळलं. सुलट म्हणजे प्रतिबिंब, आपल्या बाजूचं, हे मी बरोबर ओळखलं होतं. फक्त ते माझं आहे का, एवढंच तपासलं होतं. माझ्या कामाने ते स्पष्ट होत नव्हतं. ते जवळ येत होतं. ज्याने कुणी काच कलती केली त्यानेही त्याला थोपवलं नव्हतं. कलत्या काचेत मागचं नीट दिसत नाही, एवढीच त्याने स्वतःची सोय बघितली होती.

“थांब, मी बघतो,” म्हणत बारक्या उठला. काचेवर तो मोठा होऊ लागला. माझ्या कानाशी कुणीतरी श्वास आत घेतला आणि रोखून धरला, आम्ही बारीक बघताना धरतो तसा.

खरं सांगितलं असतं तर बारक्या पळाला नसता. धावत आला असता आणि माझ्यासाठी कापडात हात घातला असता. मी त्याला तसाच वाढवला आहे. त्याला माझ्यापासून लांब ठेवायचं तर एकच हत्यार जवळ होतं, माझी जीभ. आई गेली तेव्हा बारक्या परगावी होता. तो पोचला तोवर सगळं आटोपलं होतं. आई शेवटी काही म्हणाली का, असं त्याने मला कितीदा विचारलं असेल, आणि मी दर वेळी सांगितलं होतं की ती झोपेत गेली.

“तू काय बघणार?” मी कापडातून म्हटलं. “जेव्हा बघायचं होतं तेव्हा आला नाहीस. आई झोपेत गेली नाही, बारक्या. दार वाजलं की मान वळवायची. बारक्या आला का, विचारायची. तू फोटो काढत फिरत होतास. शेवटी म्हणाली, मेल्यावर त्याला माझं तोंड दाखवू नका.”

यातला एक शब्द खरा नव्हता. आईला शेवटी कुणाचंच नाव आठवत नव्हतं, माझंसुद्धा. ती कुणाचीच वाट बघत नव्हती.

काचेवर बारक्या जागीच थांबला. उलट्या माणसाचं रडणं मी तोवर कधी बघितलं नव्हतं. डोळ्यांतलं पाणी कपाळापासून लांब, वरवर जात होतं.

“खरं?” त्याने विचारलं.

“खोटं असतं तर इतकी वर्षं गिळून बसले असते का? जा. मलाही तुझं तोंड बघायचं नाही.”

तो गेला. जिन्यावर पावलं वाजली, मधे एकदा थांबली, मग खालचं दार लागलं. काचेवर रिकामं स्टूल उलटं दिसत होतं. माझ्या कानाशी रोखलेला श्वास सुटला, सावकाश, निराश झाल्यासारखा. ते कुठेही गेलं नाही.

८

काच मी हातोडीने फोडली. भाता कापला, चौकटी तोडल्या, पितळ वाकवलं. उपयोग नव्हता, आणि फोडतानाच मला ते माहीत होतं. ते काचेत कधी नव्हतंच.

आता ते मला दिसत नाही. बारीक काम करताना मी श्वास रोखते, तेव्हा खोलीत एक श्वास चालू असतो, एवढंच. माझ्या वाटेला ते जात नाही. माझ्यात त्याला गोडी नसावी. ते वाट बघतंय, आणि कुणाची ते मला माहीत आहे. लाँड्रीवाला वर आला होता, दुसरी माणसंही येऊन जातात; त्यांच्याकडे ते ढुंकूनही बघत नाही.

बारक्याने बरेच दिवस अबोला धरला. मग त्याचा फोन आला. त्याला राग धरताच येत नाही.

“ताई, झालं गेलं जाऊ दे. मी येऊ का? तुझ्या हातचा चहा पिऊन किती दिवस झाले.”

त्याचा आवाज आला आणि माझ्या उजव्या कानापाशी ऊब आली. कुणीतरी ऐकायला वाकलं होतं, अगदी माझ्या गालाजवळ.

म्हणून मी त्याला पुन्हा सांगितलं, आई काय म्हणाली ते. तेव्हापासून दर फोनला सांगते. पहिल्यांदा सांगितली तेव्हा गोष्ट कच्ची होती, आता तिच्यात भर घातली आहे. आईने कुठल्या कुशीवर वळून विचारलं, तिचा हात कसा होता, पाणी नको म्हणाली तेव्हा आवाज कसा होता. सांधे नीट जुळले की माणसाचा विश्वास बसतो, आणि सांधे जुळवणं मला येतं. तो सगळं ऐकून घेतो. रडतो, पण फोन ठेवत नाही. ऐकून झालं की हळूच विचारतो, “ताई, अजून काही म्हणाली का गं ती?”

“हो,” मी म्हणते. “म्हणाली.”